भूत कोणाचे, साक्ष कोणाची?

वसईतील ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवते, तेथे दोन वर्षांपूर्वी बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वर्गात चालले होते. आषाढात महारवाड्यातील बायांच्या अंगात येते, तो भाग आला. तालुक्याच्या पूर्वेकडील एका पाड्यावरून येणारी, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या मावशीच्या अंगात येतं. भट्टीवरून आली तेव्हापासून येतं. अंगात आलं की ती हिशेब सांगते."

वर्ग हसला. मी हसले नाही, पण त्याहून वाईट गोष्ट केली. मी व्याख्यान दिले. बावीस प्रतिज्ञा, नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली झालेला खून, त्याच वर्षी झालेला जादूटोणाविरोधी कायदा, हिस्टेरियाची लक्षणे, सगळे सांगितले. मुलगी खाली बसली. संध्याकाळी पापडीला घरी येताना रिक्षात तिचा 'हिशेब' हा शब्द आठवला आणि मी चरकले. दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेऊन विचारले, "मावशी कसला हिशेब सांगते?" ती म्हणाली, "काही नाही मॅडम, अंधश्रद्धाच आहे ती." माझे व्याख्यान तिने पाठ केले होते.

हा लेख दोन दूरदर्शन मालिकांवर आहे. एक मराठी, घरोघरी पाहिली गेलेली. दुसरी अमेरिकन, आपल्याकडे मूठभरांनी मोबाइलवर पाहिलेली. दोहोंतही अद्भुत आहे आणि ते खरे की खोटे हे प्रेक्षकाला सहजी कळू न देण्याची कसरत आहे. दोहोंत कोंडलेली माणसे आहेत. परंतु मी या मालिकांकडे त्या मुलीच्या बाकावरून पाहते आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

१

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ साली झी मराठीवर सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील एका जुन्या घरात तिचे चित्रीकरण झाले. घराचे धनी अण्णा नाईक मरतात, मुले-सुना गोळा होतात आणि वाड्यात विपरीत घडू लागते. पहिल्या पर्वाचे बळ त्याच्या संदिग्धतेत होते. प्रत्येक घटनेला दोन अर्थ लागत. हे मेलेल्या अण्णांचे काम, की जिवंत माणसाचे कारस्थान? मालवणी बोली तिच्या खवचटपणासह आणि मायेसह रोज रात्री मराठी घरांत येऊ लागली, ही लहान गोष्ट नव्हे. शकुंतला नरे यांची माई, प्रल्हाद कुडतरकर यांचा पांडू ही माणसे खरी वाटत होती. कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते.

तेव्हा आक्षेप घेतले गेले. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असे म्हटले गेले. दुसऱ्या आक्षेपात तथ्य होते. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी कोकणची काळजी केली, प्रेक्षकांच्या बुद्धीची काळजी केली. पांडूची काळजी कोणी केली नाही. पांडू हा घरगडी. अर्धवट, विसराळू. 'इसारलंय' एवढा शब्द उच्चारला की महाराष्ट्र हसे. मीही हसले आहे. आज मला वाटते, त्या एका शब्दात मालिकेने जेवढे सत्य सांगितले तेवढे उरलेल्या सगळ्या किंकाळ्यांत मिळून सांगितले नाही. वाड्यात पाहिले ते विसरणे हीच गड्याची चाकरी असते. जो विसरत नाही तो वाड्यात टिकत नाही. मालिकेने हे सत्य हातात घेतले आणि त्याचा विनोद करून परत ठेवून दिले.

२०१९ साली दुसरे पर्व आले. ते काळाने मागे गेले आणि अण्णा जिवंत झाले. माधव अभ्यंकर यांनी हा माणूस जबरदस्त उभा केला: गावावर दरारा, बायकोवर हात आणि जिभेचा मार, शेवंतेवर मालकी, आणि वाटेत येणाऱ्याचा खून. एका जमीनदारी पुरुषाचे एवढे उघडे चित्र मराठी पडद्यावर क्वचित आले असेल. पण प्रेक्षकांनी त्याचे काय केले? अण्णा लाडके झाले. माझ्या वर्गातील मुले अण्णांच्या आवाजात एकमेकांना शिव्या देत. माईच्या आवाजात कोणी बोलले नाही. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता भुते होऊन परतली. म्हणजे ज्याने आयुष्यभर इतरांना कोंडले त्याला मेल्यावरही वाड्याची चावी मिळाली.

शेवंतेचे काय, असे विचारता येईल. तीही परत येते ना? येते. परंतु मी जेवढे भाग पाहिले त्यांत तिचे भूत जाब विचारण्यापेक्षा घाबरवण्याच्या आणि भुलवण्याच्याच कामी लागले. जिवंतपणी अण्णांच्या वासनेला जी बाई लागत होती तीच मेल्यावर प्रेक्षकांच्या वासनेला पुरवली गेली. तिचे आणि माईचे दुःख एकाच माणसाने दिलेले. त्या दोघींनी एका रात्री समोरासमोर बसून एकमेकींना सगळे सांगितले असते, तर भुताची गरजच उरली नसती. रंजनवादी मालिकेला ती रात्र परवडत नाही. तिला दोघी एकमेकींच्या वैरिणी हव्या असतात.

येथे मला मराठी भयकथेच्या एका मूळ सवयीविषयी बोलायचे आहे. आपल्या भयकथेत वाडा असतो, वाड्यात धन असते, आणि धनावर मालकाचा जीव असतो. मेलेला मालक परत येतो. वाडा ज्यांनी बांधला ते परत येत नाहीत. मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतील मांग समाजाची मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदया'त तिचा निबंध छापून आला. त्यात तिने लिहून ठेवले आहे की, इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत. चौदा-एक वर्षांच्या मुलीने दिलेली ही साक्ष आहे. ती वाचल्यापासून मला कोणत्याही जुन्या वाड्याच्या गोष्टीत एकच प्रश्न पडतो. या घराच्या पायातले भूत कुठे आहे? माळ्यावरचे, माजघरातले, माडाच्या शेंड्यावरचे भूत दिसते. पायातले दिसत नाही. भुतांनाही जात असते. परत यायचा हक्क आमच्याकडे वारशाने मिळतो.

हे असेच असावे लागते, असे नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन यांनी 'बिलव्हेड' (१९८७) या कादंबरीत भूत गुलामांच्या घरात आणले. पळालेली गुलाम आई पकडली जाताना आपले मूल गुलामीत परत जाऊ नये म्हणून मारते, आणि ते मूल परत येते. मार्गारेट गार्नर या स्त्रीची १८५६ ची खरी घटना त्यामागे आहे. तेथे भूत म्हणजे मालकाचा दरारा नसून गुलामाची आठवण आहे. ज्यांच्या चळवळीचे नाव १९७२ साली दलित पँथरने अभिमानाने घेतले, त्या समाजाच्या साहित्याने हे केले. आमच्या पडद्याने अजून केलेले नाही.

२

आता दुसरी मालिका. 'द ओए' हे तिचे नाव. ब्रिट मार्लिंग आणि झाल बातमंगलीज यांची निर्मिती. तिचा पहिला भाग डिसेंबर २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, म्हणजे आपल्याकडे अण्णांचे पहिले पर्व संपले त्याच वर्षी.

प्रेरी ही आंधळी मुलगी सात वर्षे बेपत्ता असते. परत येते ती डोळस होऊन. काय झाले ते आईबापांना सांगत नाही, पोलिसांना सांगत नाही. एका अर्धवट बांधलेल्या रिकाम्या घरात ती रात्री पाच जणांना जमवते. चार शाळकरी मुले, आणि पाचवी त्यांच्याच शाळेतील एक मध्यमवयीन शिक्षिका. त्यांना ती सांगते की, मृत्यूच्या दारातून परत आलेल्या माणसांवर प्रयोग करणाऱ्या एका डॉक्टरने तिला आणि इतरांना तळघरात, काचेच्या कोठड्यांत कोंडले होते. तो त्यांना पुनःपुन्हा पाण्यात बुडवून मारी आणि जिवंत करी. त्या मरणातून कैद्यांनी शरीराच्या काही हालचाली मिळवल्या, एक प्रकारचे नृत्य. पाच जणांनी ते एकदम केले तर दुसऱ्या जगाचे दार उघडेल, अशी त्यांची श्रद्धा.

वर्णन करताना हे भाबडे वाटते. पाहताना तसे वाटत नाही. त्याला कारण काचेच्या त्या कोठड्या. कैदी एकमेकांना दिसतात, बोलू शकतात. वर्षानुवर्षे एकमेकांना स्पर्श मात्र करू शकत नाहीत. अमेरिकन प्रेक्षकाला ही कल्पना नवी वाटली असेल. आमच्या वाचकाला तिची ओळख करून द्यायला नको. दिसणे आहे, बोलणे आहे, काम आहे, स्पर्श नाही: या काचेत आमच्या कित्येक पिढ्या जगल्या. डॉक्टर हॅपही ओळखीचा आहे. जेसन आयझॅक्स यांनी तो राक्षस म्हणून रंगवलेला नाही. सभ्य बोलतो, जेवायला देतो, स्वतःला ज्ञानाचा उपासक समजतो. दुसऱ्याच्या देहावर उभ्या राहिलेल्या ज्ञानाला स्वतःच्या पवित्रतेची खात्री असते, हे आम्ही ग्रंथांतूनही वाचले आहे.

कैद्यांची सुटका शेवटी कोणत्या चमत्काराने होते, हा प्रश्न मला गौण वाटतो. मला महत्त्वाचे वाटते ते ऐकणे. ती शिक्षिका पहिल्यांदा येते ती काहीशा संशयाने. मग रोज रात्री येऊ लागते. तिला स्वतःच्या मेलेल्या भावाचे दुःख आहे. ते ती कोणाला सांगू शकलेली नाही. दुसऱ्याचे बंदिवासाचे बोलणे ऐकता ऐकता पाचही जण एकमेकांची माणसे होतात. तळघरात कैदी जसे एकमेकांना धरून राहिले तसे.

मग पुराव्याचा प्रश्न येतो. त्या पाचांतला एक हुशार मुलगा प्रेरीच्या घरात शिरतो आणि तिच्या पलंगाखाली त्याला पुस्तके सापडतात: रशियन धनाढ्यांवरचे, मृत्यूसमीपच्या अनुभवांवरचे, देवदूतांवरचे, आणि होमरचे 'इलियड'. तिच्या गोष्टीतल्या प्रियकराचे नाव होमरच असते. मुलगा कोसळतो. म्हणजे सगळे वाचून रचलेले! त्या पुस्तकांचा दुसरा अर्थही लागतो. जे भोगले त्याला शब्द मिळावेत म्हणून माणूस पुस्तकांकडे जातो. पण संशय आला की हा अर्थ कोणाला सुचत नाही.

दलित आत्मकथने आली तेव्हा आम्हाला हाच पलंग उचकटून दाखवला गेला. एवढे खरेच घडले का? एवढी उपासमार? हे अतिरंजित नाही का? आणि खरे असेल तर मग त्यात कला कोठे आहे? भोगणाऱ्याने कच्चे सांगितले तर ते साहित्य नव्हे, आणि घडवून सांगितले तर ते सत्य नव्हे. या दुहेरी फासाचा अनुभव ज्यांना आहे त्यांना त्या मुलाच्या हातातील पुस्तके पाहून धक्का बसत नाही, ओळख पटते.

या मालिकेचे कौतुक मी येथेच थांबवते. तिची नायिका गोरी आहे, गोष्टीत तरी एका धनाढ्याची मुलगी आहे. तिचा बंदिवास हा एका विक्षिप्त माणसाच्या तळघरातला अपवाद आहे. बाहेरचे जग तिला शोधत होते, आणि परत आल्यावर तिच्यासाठी सरकारी समुपदेशकही येतो. आमच्याकडे बंदिवास हा गावाचा नियम होता. शोधायला कोणी निघत नाही, कारण कोंडलेला माणूस कुठे आहे ते सगळ्यांनाच ठाऊक असते. पहिल्या भागाच्या शेवटी शाळेच्या उपाहारगृहात एक बंदूकधारी शिरतो. पाचही जण उभे राहून ते नृत्य करतात, तो क्षणभर गोंधळतो, आणि तेवढ्यात त्याच्यावर झेप घालून त्याला पाडतो तो तेथील एक कामगार. नृत्य सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्या कामगाराची गोष्ट कोणी सांगत नाही. तेथेही एक पांडू आहेच.

२०१९ च्या दुसऱ्या भागात नायिका खरोखरच दुसऱ्या जगात पोहोचते. अद्भुत खरे ठरते आणि, माझ्या मते, मालिका हलकी होते. दुसरे जग खरेच असेल तर ऐकणाऱ्यांनी पुराव्याविना टाकलेल्या विश्वासाला किंमत उरत नाही. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने ती बंद केली. पाच भागांची योजना होती ती दोनांवर थांबली.

३

आता मूळ प्रश्न. मी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या मार्गाची आहे. भूत नाही, देवी नाही, अंगात येणे हा दैवी प्रकार नाही, हे माझे मत आहे आणि ते या लेखाने बदललेले नाही. १९५६ नंतर आमच्या घरातले टाक आणि देव नदीत सोडले गेले; त्या दिवशी आमची सुटका झाली असे मी मानते. मग अंगात येण्याविषयी मी ममतेने का बोलावे?

आमचे मूळ गाव साताऱ्याकडचे. आजीच्या सासूच्या अंगात येई. आजी सून म्हणून नवी होती तेव्हा तिने ते पाहिले होते. मी शाळेत असताना शहाणपणाने विचारले होते, "आजी, खरंच देवी यायची का गं?" आजी भाकरी थापत होती. तिने वर न पाहता उत्तर दिले, "देवी येवो न येवो बाई, तेवढा येळ तिला कुणी मारत नव्हतं."

खरे की खोटे, या माझ्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. आजीने माझा प्रश्नच बदलला होता. देवी आहे की नाही, हे बाहेरून पाहणाऱ्याचे कुतूहल. ज्या बाईला वर्षभर बोलायची मुभा नाही तिला त्या घटकाभरात काय बोलता आले, आणि ते कोणी ऐकले, हा आतल्या माणसाचा प्रश्न.

अर्थात या झाकणाखाली गुलामच बोलतो असे नाही. सासूच्या अंगात येऊन सुनेला छळताही येते, आणि तसे छळले गेलेही. देवीचा आवाज ज्याच्या हाती लागेल त्याचा. म्हणूनच तो पुरेसा नाही. म्हणूनच बेबी कांबळे (१९२९-२०१२) यांचे थोरपण मला या दोन मालिकांच्या शेजारी ठेवल्यावर अधिक कळले. 'जिणं आमुचं' १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यात बंदिवास आहे. सासरहून पळालेल्या कोवळ्या सुनांच्या पायात घातलेला लाकडी खोडा आहे, कापलेली नाके आहेत, आणि हे करणारी माणसे आपलीच आहेत. त्यात अंगात येणेही आहे. लेखिका अंगात येणाऱ्या बायांची थट्टा करीत नाही आणि देवीही मानत नाही. त्या बाया कोणत्या काळोखात होत्या ते ती दाखवते. दार कोणी उघडले हेही सांगते. आणि ज्या गोष्टी तिच्या आज्या-पणज्या कधी अंगात आल्यावरच बोलू शकल्या, त्या ती शुद्धीवर, दिवसाउजेडी, स्वतःच्या नावाने लिहिते. झाकण काढून टाकलेली ही साक्ष आहे.

म्हणून मी असे म्हणते: 'रात्रीस खेळ चाले'ने भूत मालकाला दिले. 'द ओए'ने अद्भुत कैद्याच्या हाती दिले आणि ऐकणारेही दिले, पण शेवटी तिचा जीव अद्भुतातच अडकला. बेबी कांबळे यांनी अद्भुताची गरजच संपवली. दलित साहित्याची परंपरा ही या तिसऱ्या वाटेची आहे. परंतु तिसऱ्या वाटेवर आलेल्यांनी दुसरीवर अडकलेल्यांना व्याख्यान द्यायचे, की थांबून ऐकायचे, हा आज आमच्यापुढचा प्रश्न आहे.

४

मी राहते ती पापडी वसई किल्ल्यापासून फार दूर नाही. किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतला, हे येथे शाळकरी पोरही सांगते. त्याच तालुक्याच्या पूर्व भागात आदिवासी वेठबिगार होते, आणि वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ साली झाल्यावरही होते, हे फार थोडे सांगतात. त्यांच्या मुक्तीसाठी १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. उसगावकडे गेले की तो इतिहास भेटतो. वेठबिगार कागदावर मुक्त झाला. पण उचल अजून आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचल घ्यायची, पाऊस सरला की मुलाबाळांसह वीटभट्टीवर जायचे, आठवड्याला खावटी घ्यायची आणि हंगामाच्या शेवटी मालकाच्या वहीत पाहायचे की आपण फिटलो की आणखी बुडालो. वही मालकाची, अक्षर मालकाचे.

त्या मुलीची मावशी अंगात आल्यावर हिशेब सांगत होती. म्हणजे दुसरी वही होती. ती तिच्या अंगात होती. किती हजार विटा पाडल्या, किती आठवडे खावटी मिळाली, किती उचल होती, कोणते मूल भट्टीवर आजारी पडले: काय होते त्या वहीत, ते मला ठाऊक नाही, कारण मी ती उघडू दिली नाही. मी पलंगाखाली पुस्तके शोधत होते. 'द ओए'मधली शिक्षिका संशय असूनही ऐकायला बसली. मी शिक्षिका असून उठून फळ्याकडे गेले.

ती मुलगी आता पदवीधर झाली आहे. तिच्या घरातली पहिली, जशी मी माझ्या घरातली. तिचा पत्ता माझ्याकडे आहे. हा अंक निघाला की मी तो तिला देणार आहे, आणि मावशीकडे घेऊन चल असे म्हणणार आहे. ती नाही म्हणाली तर तिचा तो हक्क आहे. पण कधीतरी तो हिशेब तिने मावशीकडून उतरवून घ्यावा आणि आपल्या नावाने लिहावा. तेव्हा 'एवढे खरेच घडले का?' असे विचारणाऱ्यांत पहिल्या ओळीत आम्ही बसलेले नसावे.